घामगुरूंचा काटा आणि वहिनीची टेप

सकाळी साडेसहाला त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नसे. साठ-सत्तर माणसं प्लास्टिकचे कोट घालून उभी, खिडक्या बंद, पंखे बंद. आधी प्रत्येकाने दोन बाटल्या ‘जागृत पाणी’ प्यायचं, रांगेने काट्यावर उभं राहायचं, मग तीन तास जीव खाऊन उड्या मारायच्या आणि पुन्हा काट्यावर. काटा दोन किलोंनी खाली, आणि हे रोज. लोक आनंदाने एकमेकांना मिठ्या मारत. इतक्या घामात मिठी मारायची म्हणजे श्रद्धाच हवी.

या उद्धारकर्त्याला सगळे घामगुरू म्हणत. “चरबी ही पाहुणी आहे,” ते गोड आवाजात सांगत. “तासभर काम सांगितलं तर हसते. रोज तीन तास सांगा, की सामान आवरून निघते. घाम म्हणजे तिचं सामान.”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सातवीला बाष्पीभवनाचा धडा माझ्याकडेच असतो. तरीही दादाचं नाव इथे मीच नोंदवलं, हे आधीच कबूल करून टाकतो.

दादा अग्निशमन दलात, बावीस वर्षं बंबावर. पोट सुटलं तेव्हा साहेबांनी बजावलं की चार महिन्यांनी चाचणी होईल. सत्तर किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन तीन मजले उतरायचे. नाही जमलं, तर उरलेली नोकरी फोनच्या खोलीत, खुर्चीवर. दादाला आगीची कधी भीती वाटली नाही, त्या खुर्चीची वाटत होती.

दोन महिन्यांत दादा शहाऐंशीवरून सत्त्याहत्तरवर आला. दिवसातून एकदाच उकडलेली भाजी, बाकी घाम. घामगुरूंनी त्याला मंचावर उभं केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी सर्वांत जोरात वाजवल्या.

वहिनी शिवणकाम करते. तिचं जुनं लोखंडी मशीन दर रविवारी दादा उचलून धरतो आणि ती खालचे दोरे, चिंध्या झाडून काढते. त्या रविवारी दादाने हात घातला, मशीन वीतभर उचललं आणि धाडकन खाली ठेवलं. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी ते वीतभरही हललं नाही.

“अहो, राहू द्या,” वहिनी म्हणाली. “आज नाही झाडत.”

दादा आपल्या हातांकडे बघत बसला. ज्याला मशीन उचलवत नाही, तो माणूस पुतळा खांद्यावर काय घेणार?

वहिनीने गळ्यातली टेप काढली. दादाचा गणवेश तीच शिवते, त्यामुळे मापांची वही घरातच. कंबर चाळीस होती, आता साडेअडतीस. दंड चौदाचा बारा. मांडी चोविसाची साडेएकवीस.

“भाऊजी, पाहुणी बसलीय तशीच,” ती शांतपणे म्हणाली. “घरचेच निघून गेले.”

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात आली. घामगुरूंच्या टेबलावरच्या जागृत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या तिने सरळ काट्यावर ठेवल्या. दोन किलोंना थोडं जास्त.

“हेच पोटात घालून तुम्ही वजन करता, आणि हेच अंगातून काढून पुन्हा वजन करता,” ती म्हणाली. “ओलं कापड वाळलं, तर मी गिऱ्हाईकाला कपडा आखूड झाला म्हणून सांगत नाही.”

तीन तासांनी दादा दोन किलोंनी हलका झाला. तिने त्याला तिथेच दोन बाटल्या साधं पाणी पाजलं आणि परत काट्यावर चढवलं. दोन्ही किलो घरी परतले.

“अश्रद्धेने प्यायलेलं पाणी अंगावर चढतं,” घामगुरू म्हणाले.

“मग आंघोळ जपून करायला हवी,” मागून एक आजोबा म्हणाले आणि त्यांनी प्लास्टिकचा कोट काढला. कोणीतरी खिडकी उघडली. घामगुरू अजून काही बोलत होते, पण लोकांना वारा लागला होता.

“पण नऊ किलो तर खरंच गेले ना?” मी दलाच्या व्यायाम शिक्षकांना विचारलं.

“गेले. पण काय गेलं?” ते म्हणाले. “रोज लांब, रोज जोराचं आणि वर उपाशी. शरीर भागवणार कुठून? त्याने दंड मोडून खाल्ले.”

त्यांनी सांगितलं ते ऐकायला अगदीच नीरस होतं. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास जड वजनं, मध्ये दम घेत. दोन दिवस तासभर झपाझप चालणं. दोन दिवस आराम. जेवण थोडं आवरून, पण डाळ, दूध, अंडी भरपूर, आणि पुरेशी झोप. जोर वाढवायचा असेल तर वेळ कमी करायचा, वेळ वाढवायचा असेल तर जोर. यात टाळ्या वाजवण्यासारखं काहीच नव्हतं.

चाचणीच्या दिवशी दादाचं वजन एकोणऐंशी भरलं, म्हणजे घामगुरूंच्या हिशेबाने घोर अधोगती. कंबर सदतीस, दंड साडेतेरा. पुतळा खांद्यावर घेऊन तो तीन मजले उतरला. खाली ठेवताना त्याने पुतळ्याचं डोकं जमिनीवर आपटू दिलं नाही. ते बघून माझे डोळे भरून आले.

रविवारी त्याने मशीन उचललं. वहिनीने दोन महिन्यांच्या चिंध्या निवांत झाडल्या.

आता सातवीला बाष्पीभवन शिकवताना मी वजनकाटा घेऊन जातो. मुलांना, आणि तुम्हालाही, एवढंच सांगणं आहे. तुमचं काही कमी करून दाखवतो असं कोणी म्हणालं, तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, नेमकं काय कमी झालं? मी दोन महिने विचारलं नाही, आणि दादाची बावीस वर्षं जाता जाता राहिली.