कवच पसरव, हिमानी!

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे आणि माझे कान पार किटले आहेत. वर्षानुवर्षं माणसांची भांडणं ऐकायची आणि वर मारही आपणच खायचा, हे काय जगणं झालं?

दुष्काळाच्या वर्षी मी शहराच्या मुकुंदवाडी भागातल्या एका नव्या इमारतीत आलो. इमारतीला लिफ्ट होती, नळाला पाणी मात्र कधीतरीच. कॉलेजात शिकणाऱ्या हिमानीनं मला मोठ्या हौसेनं घेतलं. सुरुवातीला ती मला मऊ फडक्यानं पुसायची. मग लढाया सुरू झाल्या आणि माझं कौतुक संपलं.

ती, तिची मैत्रीण तनुजा आणि त्यांच्याच वर्गातला पाचोड गावचा सत्यम, असे तिघं आपापल्या घरून इंटरनेटवर जादूगारांच्या लढाईचा खेळ खेळायचे. तनुजाकडे आगीचा मंत्र होता. सत्यमच्या मंत्रानं तिघांच्याही जखमा भरायच्या. हिमानीकडे कवच होतं. ते एकटीनं घालता यायचं, नाहीतर जवळच्या साथीदारांवरही पसरवता यायचं. पसरवलं की पातळ व्हायचं, एवढंच.

आणि ही बया ते कधी पसरवायचीच नाही!

"हिमानी, आमच्यावर बी टाक की!" सत्यम ओरडायचा. हिला ऐकू जात नव्हतं असं नाही. मीच तर ऐकवत होतो. तरी ही आपली एकटी कवचात. आधी ते दोघं मरायचे, मग ही मरायची, आणि राग निघायचा माझ्यावर. टेबलावर आपटून आपटून माझी दांडी मोडली. तिला चिकटपट्टी गुंडाळली, झालं.

शहरातल्या स्पर्धेत तिघं कसेबसे शेवटच्या लढाईपर्यंत पोचले. जिंकलं तर पुण्याला खेळायला मिळणार होतं. लढाई ऐन रंगात आली आणि सत्यमच्या बाजूनं त्याच्या आईची, सारजाबाईंची हाक आली.

"सत्या, टँकर आला रं! ड्रम घेऊन पळ, नायतर थेंब मिळायचा नाय!"

"आलोच," म्हणत तो गेलासुद्धा. पडद्यावर त्याचा जादूगार खांबासारखा उभा राहिला.

"आत्ता? आत्ता गेला हा?" हिमानी किंचाळली. माझे पडदे फाटायचेच बाकी होते.

"कवच पसरव," तनुजा म्हणाली. "त्याच्यावर पण."

"माझं पातळ होईल!"

"होऊ दे. दर वेळी तूच मागं उरतेस ना? एकटी उरून आजवर काय जिंकलीस?"

हिमानीचा श्वास माझ्या माइकवर आदळत होता. मग तिनं कळ दाबली. कवच तिघांवर पसरलं. समोरून मारा सुरूच होता, कवच विरत चाललं होतं, पण तनुजाला एकदाची आग पेटवायला उसंत मिळाली.

तेवढ्यात धापा टाकत सत्यम परतला. "आं? मी जित्ता कसा काय?"

"बडबडू नकोस, जखमा भर!"

त्यानं भरल्या. आणि जिंकले की हो!

आता शहाणपण आलं असेल असं मला वाटलं. कसलं काय! पुण्यात पहिल्याच लढाईत हिमानी पुन्हा एकटी कवच घालून उभी. हरले. मी आपला आपटून घ्यायच्या तयारीत. पण तिनं मला कानावरच ठेवलं आणि हळूच म्हणाली, "चुकलं रे माझं."

पलीकडच्या खुर्चीवरून सत्यम हसला. "व्हय, चुकलंच. उद्या खेळायचं का?"

पुढं बिडकीनकडं कारखाने उभे राहिले, हिमानीला तिकडं नोकरी लागली आणि मी खणात पडलो. कानांवरचा फोम झडला. आता तिचा मावसभाऊ विश्वजित मला वापरतो. त्याच्याकडेही म्हणे कसलासा कवचमंत्र आहे. तोही कुणाला देत नाही. मी तर हात टेकले!

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, मला पुसून ठेवा, हे तर सांगतोच. पण मला आपटताना एक ध्यानात घ्या. माझा माइक चालू असतो. तो दणका नुसता मला नाही, पलीकडं तुमच्यासाठी लढणाऱ्याच्या कानातही बसतो.