भूक मारणारा जंतू

१९९४ साली एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या उंदरांनी एकाएकी जेवण टाकलं, आणि सरांच्या पोटात आनंद मावेनासा झाला.

सर म्हणजे संस्थेचे संचालक. आतड्यातला एक जंतू मेंदूला निरोप धाडून भूक मारतो, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करायचं काम त्यांच्या विद्यार्थिनीकडे होतं. संसार सांभाळून पाच वर्षं पिंजरे धुणाऱ्या या बाईला घरी धाकटा दीर उंदीरवहिनी म्हणायचा. संस्थेतही तेच चिकटलं होतं. डॉक्टरेटचा प्रबंध टाइप होऊन तयार होता, सरांची सही तेवढी राहिली होती.

अडचण एकच. जंतू निम्म्याच उंदरांना पाजला होता, आणि जेवण सगळ्यांनीच टाकलं होतं.

"म्हणजे जंतू हवेतून पसरतो!" सर म्हणाले. "केवढा जबरदस्त!"

उंदीरवहिनीने खाद्याचं पोतं उघडून आत नाक घातलं. कुबट वास. भिंतीची ओल लागून बुरशी धरली होती, आणि बुरशीच्या विषाने अन्नावरची वासनाच उडते. तिने नवं पोतं मागवलं. उंदीर अधाशासारखे तुटून पडले.

"नव्या पोत्यात भेसळ आहे," सर म्हणाले. "भूक वाढवणारी."

"सर, त्याला अन्न म्हणतात."

सर हसले नाहीत. दार लोटून हळूच म्हणाले, "उद्या मंत्री येणार, वार्ताहर येणार. सकाळी जुन्या पोत्यातलं घाला. पाहुणे गेले की सही करतो."

घरी तिने जेवताना हे सांगितलं. दीर म्हणाला, "घाला की वहिनी! उंदीर काय कोर्टात जाणारेत?"

"गप रे तू," सासूबाई म्हणाल्या. "तिला आधी जेवू दे."

पण तिला घास गिळवेना.

"घ्या! सरांचा जंतू वहिनीलाही लागला," दीर म्हणाला.

सकाळी तिने नव्या पोत्यातलं घातलं. पाहुण्यांदेखत सगळे पिंजरे कुरुमकुरुम वाजू लागले. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणभरच.

"पाहिलंत?" ते घसा खाकरून म्हणाले. "ज्या रोग्यांना अन्न जात नाही, त्यांना हा जंतू वरदान आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

संध्याकाळी सरांनी प्रबंध पुढे सरकवला. "'मारणारा' खोडून सगळीकडे 'वाढवणारा' करा. आलेख तेवढे उलटे चिकटवा, म्हणजे सही करतो."

तिने प्रबंध पिशवीत घातला आणि ती चालू लागली.

सरांना पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्या जंतूच्या गोळ्याही निघाल्या; त्यांनी कुणाची भूक वाढली नाही, मेलीही नाही. मंत्र्यांना दुसरं खातं मिळालं. दीर वकील झाला. उंदीरवहिनीने दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पहिल्यापासून सुरुवात केली, बुरशीचं विष भूक कशी घालवतं यावर. पदवी हाती पडायला सहा वर्षं लागली. सासूबाई त्याआधीच गेल्या. पण शेजारीपाजारी त्या केव्हापासूनच "आमची डॉक्टरीण" म्हणून सांगत सुटल्या होत्या, आणि कुणाला ताप आला की लोक तिचंच दार ठोठावायचे.