हिरवं वाटण

“बाई, हा डबा कधीचा?”

मिस्त्रींचं डोकं फ्रीजरच्या कप्प्यात होतं, म्हणून आवाज विहिरीतून यावा तसा आला. एका हातात टॉर्च होता, दुसऱ्या हातात बर्फानं चिणलेला प्लास्टिकचा डबा.

“असेल मागच्या हिवाळ्यातला,” घरमालकीण म्हणाली. “वाटाणे आहेत. चांगले आहेत अजून.”

“वाटाणे होते. आता नुसत्या गोळ्या राहिल्यात. टाकून द्या.”

“अहो, फ्रीजरमध्ये काही खराब होत नाही ना? मग एवढं धूड घेतलं कशाला मी?”

“खराब होत नाही. वास जातो. आधी वास जातो, मग चव जाते. मग नुसता रंग उरतो, आणि माणूस त्या रंगावर भरवसा ठेवून बसतं.” मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं. भुवयांवर बर्फाचा चुरा बसला होता. “आणि दार सारखं उघडत जाऊ नका. उघडलं की आतलं थोडं थोडं बाहेर जातं.”

“बाई गं! तुमच्या घरचा फ्रिज म्हणजे अगदी आरसा असेल.”

मिस्त्रींनी टॉर्च विझवला. “दाराचं रबर गेलंय,” ते म्हणाले. “बदलून देतो.”

दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून फ्रिज दुरुस्त करण्यात मिस्त्रींचं आयुष्य गेलं. कुणाच्या घरी काय शिजतं आणि काय शिळं होतं, ते त्यांना न विचारता कळायचं. त्याबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. आपल्या घरच्या फ्रिजबद्दल तर ते कुणाशीच बोलत नसत.

घरी आले की पायातले बूट काढायच्या आधी ते फ्रिजपाशी जात. फ्रीजरच्या डाव्या कोपऱ्यात, वर स्टीलची ताटली झाकलेला बर्फाचा निळा ट्रे होता. त्याच्या खणाखणांत पाणी नव्हतं, हिरवं वाटण गोठलेलं होतं. ताटली उचलायची, नाक जवळ न्यायचं, डोळे मिटायचे. गवती चहा, हिरवी मिरची, लिंबाची साल, आणि ह्या सगळ्यांच्या तळाशी कसला तरी ओला, गडद वास. तो कशाचा, ते मिस्त्रींना कधी सांगता आलं नव्हतं. मग ताटली ठेवायची, दार लावायचं. फ्रिज घुर्र करून सुरू व्हायचा, आणि तेवढ्यात पाठीमागून, कानाच्या पाळीला लागूनच कुणी तरी विचारायचं, “काय कमी आहे?”

वळून पाहिलं की दारात नुसता उजेड असे.

मिस्त्रींची बायको गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. दिवसभर निळं कापड आणि निळा दोरा. एकदा विमान कंपनीतल्या एका गिऱ्हाइकानं खूश होऊन मिस्त्रींच्या हातात एक पाकीट ठेवलं होतं. वर हिरव्या रश्शाचं चित्र आणि कुणालाच न वाचता येणारी गोल गोल अक्षरं. “थाई करी आहे, नारळाच्या दुधात शिजवा,” एवढं ते गिऱ्हाईक सांगू शकलं. तिनं शिजवलं. तिघांनी भाताबरोबर खाल्लं. मिस्त्री खाऊन उठले, लेक खाऊन उठली. ती बसूनच राहिली. रस्सा तोंडात घोळवत, कुणाचा तरी ओळखीचा चेहरा आठवावा तशी.

“अहो, ह्यात लिंबू नाहीये,” शेवटी ती म्हणाली. “लिंबाची साल आहे.”

तिथून सुरू झालं ते. दुसरं पाकीट काही मिळालं नाही, आणि त्या देशात जाणं त्यांच्या सात पिढ्यांच्या स्वप्नात नव्हतं. पण कारखान्यातून येताना तिच्या पिशवीत कधी गवती चहाची जुडी असायची, कधी कुणाच्या कुंपणावरून मागून आणलेली लिंबाची पानं. तिकडचं आलं मिळेना म्हणून तिनं इकडचं घातलं. तिकडचं काही तरी खारट मिळेना म्हणून सुकी कोळंबी भाजून कुटली. चुकायची, हसायची, पुन्हा वाटायची. आणि दर खेपेला पळी घेऊन मिस्त्रींपुढे यायची. ते दाराजवळच्या स्टुलावर बसलेले. त्यांनी तळहाताची वाटी करायची, तिनं त्यात चार थेंब सोडायचे.

“काय कमी आहे?”

“मीठ,” मिस्त्री म्हणायचे. नाही तर “आंबटपणा जरासा.” नाही तर “चिमूटभर साखर हवी होती, नाही?”

“तुमची जीभ म्हणजे सरकारी कचेरी झालीय. एकदा तरी कागद पास करा की हो!”

त्यांनी कधी पास केला नाही. काही कमी नाही म्हटलं असतं तर ती लगेच वळून शेगडीकडे गेली असती. काही तरी कमी आहे म्हटलं की ती तिथेच उभी राहायची, कपाळाला आठी घालून, पळी हवेत धरून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. तेवढा वेळ त्यांना हवा असायचा. हे तिला सांगायचं राहून गेलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या सकाळी तिनं बसून ढीगभर वाटण केलं. ट्रे भरला. ताटली झाकली.

“मी येईपर्यंत पुरेल,” ती म्हणाली.

ती आली नाही. आणि मिस्त्रींनी एकही खण रिकामा केला नाही. ती येईपर्यंत पुरवायचं होतं. संपवून टाकलं असतं तर मग वाट कशाच्या आधारानं बघायची?

लेक दर रविवारी यायची. दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. बोटांच्या पेरांवर कायम प्लास्टरचा पांढरा कण. आली की ओट्यापाशी उभी राहायची आणि आईची हिरवी करी करायला घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला, पण एकाही रविवारी तिनं ते चुकवलं नाही. मिस्त्री स्टुलावर बसायचे, लसूण सोलून द्यायचे.

त्या रविवारी तिनं मिरच्या नेहमीपेक्षा जास्त जोरानं कुटल्या. नारळाच्या दुधात वांग्याच्या फोडी टाकल्या, चव घेतली, गॅस बारीक केला. बशीत थोडं काढून वडिलांपुढे धरलं.

“खरं सांगा.”

“छान झालंय.”

“झालं!” तिनं बशी ओट्यावर आपटली. “आईला तुम्ही जन्मात कधी छान म्हणाला नाहीत. मला दर रविवारी छान. मला काय कळत नाही?”

“अगं चिमणे, खरंच...”

“बाबा, ही नुसती मिरचीची आमटी आहे. हिरवी आहे म्हणून करी म्हणायचं. काय राहतंय तेच मला सापडत नाही. आईनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, आहेच की ती.” ती हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी. “पुरे आता. पुढच्या रविवारी येताना बाहेरून काही तरी घेऊन येईन. दोघं बसून खाऊ.”

पातेल्यातला रस्सा बुडबुडत होता. मिस्त्रींनी ओट्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारी इथे कुणी काही कुटणार नाही. शेगडीवर काही शिजणार नाही. मग कानाशी येणारी ती तरी कशासाठी येईल, कुणाला काय विचारील? आणि लेकीला जे सापडत नव्हतं, ते हातभर अंतरावर, ताटलीखाली झाकलेलं होतं. इतके रविवार ते त्याच्याकडे पाठ करून लसूण सोलत बसले होते.

ते उठले. फ्रीजर उघडून त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला.

लेकीनं ताटली उचलली. गोठलेल्या हिरव्या वड्यांवरून बोट फिरवलं.

“आईचं?”

“हो.”

“कधीपासून आहे हे?”

“ती गेली तेव्हापासून.”

“आणि मी इथे उभी राहून मर मर कुटतेय, आणि तुम्ही तिथे बसून बघताय? बाबा, मला नुसता वास तरी द्यायचा होतात!”

“ती म्हणाली होती,” मिस्त्री म्हणाले, “मी येईपर्यंत पुरेल.”

लेकीनं पहिलं पातेलं शेगडीवरून उतरवलं. तिनं दुसरं पातेलं घेतलं. नारळाचं घट्ट दूध त्यात ओतलं, तेल सुटेपर्यंत ढवळलं. “एकच टाकते,” ती हळू आवाजात म्हणाली, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलं होतं.

वडी पडली. चर्र झालं. दोघं पातेल्यावर वाकले.

नारळाचा वास आला. थंड लोखंडाचा वास आला. बाकी काही नाही.

तिनं दुसरी टाकली. मग तिसरी. रस्सा राखाडी हिरवा झाला, भिंतीवरच्या शेवाळासारखा. मिस्त्रींनी चमच्यानं चाखलं आणि चमचा तोंडातच राहिला. बर्फ. नुसता वितळलेला बर्फ.

“गेलं,” ते म्हणाले. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. घरोघरी जाऊन तेच तर सांगत आले होते. “रोज उघडून बघत होतो मी.”

“रोज? कितीदा?”

“आठवण आली की.”

मग एवढे दिवस कशाचा वास येत होता, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

लेकीनं गॅस बंद केला. ती रडेल असं मिस्त्रींना वाटलं, पण ती ट्रेकडे बघत होती. उरलेल्यातली एक वडी तिनं तळहातावर घेतली. वडी वितळली, बोटांच्या फटींतून हिरवं पाणी गळलं. मागे राहिलेला चोथा ती अंगठा आणि तर्जनीत चोळू लागली. प्रयोगशाळेत कवळीची कड तपासताना ती अशीच चोळत असणार, डोळे मिटून.

“बाबा, ह्यात दोरे आहेत.”

“गवती चहा असेल.”

“नाही. तो चपटा लागतो. हे गोल आहे. केसासारखं, पण चिवट.” तिनं पुन्हा चोळलं. “आणि कचकचतंय. माती आहे की काय?”

तिनं डोळे उघडले. ओट्याखालची कचऱ्याची बादली ओढली, उकिडवी बसली आणि सालींच्या ढिगात हात घातला. सकाळीच कोथिंबिरीच्या जुडीची मुळं कापून तिनं फेकली होती. त्यातलं एक मूळ उचलून तिनं नखानं चिरडलं आणि बोटांत चोळलं. मग नाकाशी नेलं. मग वडिलांच्या नाकाशी नेलं.

ओला, गडद वास. तळाशी बसणारा.

“मी दर वेळी कापून टाकत होते,” लेक म्हणाली. “दर वेळी, बाबा.”

“मुळं घालतं का कुणी?”

“आईनं घातली. पानं संपलीत, जा, एक जुडी घेऊन या. मी ही मुळं धुते तोवर.”

मिस्त्री तसेच, घरातल्या चपला घालून खाली उतरले. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली पाण्याचा हबका मारत बसली होती. तिनं जुडी उचलली, सवयीनं सुरी घेतली.

“मुळं राहू द्या,” मिस्त्री म्हणाले.

भाजीवालीनं सुरी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “अगोबाई! असं म्हणणारी एकच बाई होती आमची. निळ्या दोऱ्याचे तुकडे असायचे तिच्या साडीला. म्हणायची, पानं कमी द्या एक वेळ, पण बुडखा तोडू नका. सगळ्यांच्या जुड्यांची कापलेली मुळंसुद्धा घेऊन जायची. मी म्हणायची, बाई, घरी ससे पाळलेत का?” ती हसली. “बऱ्याच दिवसांत दिसली नाही. कुठे गेली हो?”

मिस्त्रींनी खिशातून पैसे काढून पुढे केले.

“मी आलो ना,” ते म्हणाले.

भाजीवालीचं हसू हळूहळू उतरलं. तिनं जुडी कागदात गुंडाळली, बाजूला कापून पडलेली मूठभर मुळं वर ठेवली. “आता तुम्ही येत चला,” म्हणाली.

वर आले तेव्हा फ्रीजरचं दार तसंच उघडं होतं. बर्फ सुटून थेंब थेंब फरशीवर पडत होता. एरवी कुणाच्या घरी असं दिसलं असतं तर मिस्त्री ओरडले असते. त्यांनी खाली एक फडकं टाकलं, आणि दार उघडंच ठेवलं.

लेकीनं पुन्हा पहिल्यापासून कुटायला घेतलं. मुळं आधी, मिठाबरोबर. मग लसूण, आलं, मिरच्या, गवती चहा, लिंबाची साल, शेवटी पानं. खलबत्त्याचा आवाज घरभर फिरला, कपाटाच्या काचांना लागला. मिस्त्री स्टुलावर बसले. तिच्या पाठीची हालचाल बघत राहिले. खांदा उजवीकडे थोडा झुकलेला, थेट आईसारखा. हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

वाटण गरम दुधात पडलं.

आधी मिरची आली, मग गवती चहा आला, मग लिंबाच्या सालीचा कडू-गोड झोत. आणि ह्या सगळ्यांच्या मागून, थोडं थांबून, एखाद्या घरच्या माणसानं दाराबाहेर पाय पुसून आत यावं तसा तो वास आला. स्वयंपाकघर भरलं, दिवाणखाना भरला. टांगलेल्या कपड्यांपर्यंत गेला. लेकीचा ढवळणारा हात मंद झाला. मिस्त्रींच्या मानेवर कुणी तरी अगदी जवळून श्वास सोडला, उबदार, नारळाच्या वाफेसारखा.

ह्या वेळी ते वळले नाहीत.

“काही नाही,” मिस्त्री म्हणाले. “काही कमी नाही.”

लेक शेगडीकडे तोंड करूनच उभी होती. तिनं पळी पातेल्यावर तशीच धरली.

“मी कुठे काही विचारलं, बाबा?”

मिस्त्रींचा उजवा हात पुढे आला होता, आणि तळहाताची वाटी झाली होती.