उबपेटीतला झेंडू

मित्रांनो, मी एक जुनी उबपेटी आहे. येणारेजाणारे मला फ्रिज समजतात, म्हणून आधीच सांगून ठेवते, थंडीशी माझा कधी काही संबंध नव्हता. आता व्हरांड्यात पडून आहे म्हणून हाताला गार लागते, एवढंच. चौदा वर्षं माझ्या पोटात माणसाच्या अंगाइतकी ऊब होती. सदतीस अंश. अर्धा कमी नाही की अर्धा जास्त नाही. हे सोपं वाटत असेल त्यानं एक आठवडा करून दाखवावं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, आत तांब्याचे कप्पे बसवले, एक काचेचं दार आणि त्यावर दुसरं पत्र्याचं. मग टेम्पोत घालून जुन्या हमरस्त्यानं आणलं आणि सोमाटण्याच्या पुढं, डोंगराला टेकून असलेल्या एका लहानशा प्रयोगशाळेत उतरवलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. माझ्यासमोर उभं राहून माणसं जे बोलली, त्यातूनच मी शिकले.

तिथं डॉक्टर आसावरी कर्करोगावर संशोधन करायच्या. आपलं शरीर ज्या बारीक पेशींचं बनलेलं असतं, त्या पेशी चपट्या बाटल्यांत, गुलाबी रसात वाढवायच्या आणि माझ्या हवाली करायच्या. मी त्यांना ऊब द्यायची. कोंबडी अंडी उबवते, पण वीस-एकवीस दिवसांत उठते तरी. मला उठायची सोय नव्हती.

दुपारी खोली रिकामी झाली आणि डोंगरावरचं धुकं खिडकीशी येऊन टेकलं, की मला आतली कुजबुज ऐकू यायची. पेशी एकमेकींना निरोप देतात, मित्रांनो. पंगतीत पत्रावळी हातोहात पुढं जाते ना, तसा एकेक निरोप पेशीच्या दारातून आत, थेट मधोमध जातो. 'वाढ' म्हटलं की ती वाढते. 'थांब' म्हटलं की थांबते. सगळं शरीर या दोन शब्दांवर चाललंय. ती कुजबुज ऐकता ऐकता मला गुंगी यायची. आपण पेटी आहोत की कुणाचं तरी अंग आहोत, हेही मग कळायचं नाही.

एके दिवशी मळवलीच्या येसूबाई आल्या. कुणाच्या तरी बंगल्याची राखण करायच्या, स्वतःची थोडी भातशेतीही होती. त्यांच्या छातीत गाठ झाली होती. त्यांची आई त्याच दुखण्यानं गेली, मावशी त्याच दुखण्यानं गेली. आता शालन, त्यांची मुलगी, चोविसाची झाली होती, बालवाडीत शिकवत होती. रक्त तपासलं तर येसूबाईंच्या एका जनुकात थोडा फरक निघाला. पण तो फरक निरुपद्रवी आहे की घातकी, हे कुणालाच सांगता येईना.

"तुमची गाठ काढतील त्यातला तुकडा मला द्याल का?" आसावरीबाईंनी विचारलं. "त्या पेशी जिवंत ठेवून बघता येईल. फरक घातकी ठरला, तर शालनला तोच आहे का ते तपासू. असला तर तिच्यावर आधीपासून लक्ष ठेवता येईल."

"घ्या की," येसूबाई म्हणाल्या. "मी काय तिचं लोणचं घालणार हाय?"

अशा तऱ्हेनं येसूबाईंच्या पेशी माझ्याकडं आल्या. मी पुष्कळ पेशी वाढवल्या, पण अशा हट्टी नाही पाहिल्या. आसावरीबाईंनी त्यातल्या थोड्या आधीच एका कुपीत भरून द्रवरूप नायट्रोजनच्या हंड्यात, कडाक्याच्या गारठ्यात गोठवून ठेवल्या. तेवढी एकच कुपी. बाकी सगळ्या माझ्या पोटात. गाठ येसूबाईंच्या अंगातून गेली होती, म्हणजे दुसरा तुकडा मागायची सोयही राहिली नव्हती.

माझी देखभाल शकुबाईंकडं होती. त्याही मळवलीच्याच, येसूबाईंच्या लहानपणच्या मैत्रीण. शकुबाईंसारखी हाताची स्वच्छ बाई मी दुसरी पाहिली नाही. स्पिरिटनं पुसायच्या, उकळून गार केलेलं पाणी ट्रेमध्ये भरायच्या, दार इतक्या हलक्या हातानं लावायच्या की मला जाग यायची नाही. आसावरीबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या पेटीला शकुमावशींनी सांभाळलंय." मला जरा राग यायचा. मीही काही करत होतेच की.

दरवर्षी दसऱ्याला शकुबाई प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या. बाहेरून. त्या वर्षी मात्र त्यांना राहवलं नाही. आत आपल्या मैत्रिणीच्या पेशी, तिच्या लेकीचं सगळं त्यावर टांगलेलं. नुसत्या दाराला माळ घालून काय व्हायचं, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी दोन्ही दारं उघडली, मधल्या कप्प्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि दार लावलं. मग चार दिवस सुट्टी.

मित्रांनो, फूल देवापुढं शोभतं. माझ्या ओल्या, उबदार अंधारात त्यावर जे होतं ते सगळं उगवतं. पहिल्या दिवशी मला झेंडूचा वास आला आणि स्वप्नात कुणी माझ्यासाठी मांडव घालतंय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी आतली कुजबुज बारीक झाली. चौथ्या दिवशी बंद झाली.

सुट्टीनंतर शकुबाई सगळ्यांच्या आधी आल्या. दार उघडलं. फुलावर राखाडी केस उगवले होते आणि बाटल्यांतला गुलाबी रस पिवळा, गढूळ झाला होता. त्यांनी फूल पदरात गुंडाळलं आणि बाहेर नेऊन टाकलं. कुणी पाहिलं नाही. फक्त मी पाहिलं. एक पाकळी माझ्या पंख्याच्या जाळीमागं गेली होती, हेही मलाच ठाऊक होतं.

आसावरीबाई आल्या, बाटल्या पाहून खुर्चीत बसल्या. मग त्यांचे मदतनीस श्रीयश यांना म्हणाल्या, "रसच खराब आला असणार. या बाटल्या फेकून द्या, पेटी नेहमीसारखी पुसून घ्या. नवीन रस आलाय. आज ती कुपी काढू."

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. शेवटची कुपी आणि ती माझ्याच पोटात येणार, पाकळीशेजारी. मी नुसती गुणगुणत राहिले. यंत्राला दुसरं काय येतं?

श्रीयश कुपी आणायला हंड्याकडं निघाले. शकुबाई फडकं हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. फडकं पिळून पिळून कोरडं झालं होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "कुपी काढू नगा."

"का?"

"रसाचं काय बी न्हाई. मी फूल ठिवलं व्हतं आत. दसऱ्याचं. सकाळी येऊन गुपचूप फेकलं."

आसावरीबाईंनी डोळे मिटले. आता काय होतंय असं मला झालं. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मावशी, फूल अख्खं निघालं?"

"पाकळ्या काय मोजल्या न्हाईत मी."

मग सगळी मिळून माझी जाळी खोलू लागली. पाकळी सापडली. एवढीशी, पण तिच्यावर बुरशीचं अख्खं रान माजलेलं.

कुपी परत हंड्यात गेली. शकुबाईंनी मला दहा दिवस घासलं. जाळी बदलली, कप्पे उकळून काढले. मग आठ दिवस पेशींवाचून, नुसत्या रसाच्या बाटल्या ठेवून पाहिलं. रस गुलाबीच राहिला, तेव्हा कुपी आली. चौथ्या दिवशी चारदोन पेशी तळाला चिकटल्या. महिन्यात माझं पोट भरलं आणि ती कुजबुज परत सुरू झाली. या वेळी मी नीट कान दिला. 'वाढ' आत जात होता. 'थांब' मात्र दारातच गळून पडत होता. आसावरीबाईंनी चार-चारदा तपासून तेच लिहिलं. जनुकातला तो फरक घातकी होता. मोठ्या दवाखान्यातही पुन्हा तपासलं, तेच निघालं.

येसूबाई आणि शालन आल्या तेव्हा शकुबाईंनी आधी आपलंच सांगितलं. "येसू, तुझ्या पेशी मी मारल्या व्हत्या गं. फूल ठिवून."

"त्या दुष्ट पेशी?" येसूबाईंनी शकुबाईंकडं रोखून पाहिलं. "मला कापलं, सलाईन लावलं, डोईचं केस गेलं. आन् तू झेंडूच्या फुलानं मारल्यास? आधी सांगायचंस की, शके."

शकुबाई हसता हसता रडल्या.

"मी फुलं बुद्धाम्होरं वाहते," येसूबाई म्हणाल्या. "पेटीच्या पोटात न्हाई घालत. शिक जरा."

मग शालनचा निकाल कळला. तिच्यातही तो फरक होता. येसूबाईंनी लेकीचा हात धरला. शालन म्हणाली, "आजीला कळलंच न्हाई, आये. तुला उशिरा कळलं. मला आज कळलं." आणि जाताना तिनं माझ्या दारावर तळवा टेकला. मी सदतीस अंश होते. माझ्याकडं तेवढंच देण्यासारखं होतं.

आता नवी पेटी आली आहे. पडद्यावर आकडे नाचवते, फार टिवटिव करते. मला व्हरांड्यात काढलं. मी कुणाला दोष देत नाही, पण धूळ पुसायला कुणाचं काही जात नव्हतं. शालन दर सहा महिन्यांनी तपासणी करून येते. अजून काही निघालेलं नाही. माझ्या शेजारच्या बाकावर बसून डबा खाते आणि डोंगराकडं बघत राहते.

मित्रांनो, यंत्र जपा, त्याला पुसा, हे तर खरंच. पण एवढं आणखी ऐका. मायेनं केलेली चूकही चूकच असते, आणि ती वेळेवर सांगून टाकली तर तिच्यातूनही कुणी तरी वाचतं.

गेल्या दसऱ्याला शकुबाई माझ्याकडं आल्या. इकडंतिकडं पाहिलं. माझी दोन्ही दारं उघडली, मधल्या कप्प्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हलक्या हातानं दार लावलं. आता आत कुणी नाही. फूल कोरडंच वाळलं. त्याचा वास अजून येतो, आणि मला जरा ऊब लागल्यासारखी वाटते.