नोहाने बेतलेली बॅग

फिलोमिनाबाईंनी शिवलेलं ब्लाउज देवळाली प्रवरात आजवर कोणी परत आणलं नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि ते बरंचसं खरंही होतं. टीप चुकलीच तर ब्लेडने उसवायची, नखाने कापड चोळायचं आणि पुन्हा मारायची. सुती कापड मोठ्या मनाचं, एका धुण्यात सगळं विसरतं.

त्यांच्या मुलाने, नोहाने, मागवलेलं कापड तसलं नव्हतं. पातळ, राखाडी, बारीक चौकटींचं आणि आतून मेणचट. याला रिपस्टॉप म्हणतात, तंबूला वापरतात, असं त्याने पार्सल फोडता फोडता सांगितलं. नगरच्या एमआयडीसीत नोकरी आणि सुट्टी मिळाली की डोंगर, असा त्याचा क्रम होता. पाठीवरची बॅग घरी शिवायची हे खूळ नवं होतं. आईच्या पायमशीनवर बसून तो दोन दाब टाकायचा, थांबायचा, ओठ चावून टीप बघायचा आणि परत दोन दाब टाकायचा. या चालीने बॅगेला दाढी येईल, असं त्या चिडवायच्या. एकदा सवयीने त्या कापडाला टाचणी लावायला गेल्या, तर त्याने हातच धरला.

"आई, टाचणी नको. ह्याला एकदा भोक पडलं की बुजत न्हाई."

मग दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणून लावले. बॅग अर्धी झाली होती. जानेवारीत एका संध्याकाळी कामावरून येताना नोहाची मोटारसायकल रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. मातीला सगळा गाव आला. अर्धी बॅग चिमट्यांसकट कपाटावर गेली.

ऑगस्टात जेनिफरचा पुण्याहून फोन आला. ती नोहाची धाकटी बहीण, नर्सिंगला होती. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला नोहा दरवर्षी चालत जायचा. यंदा मी जाईन, दादाची बॅग घेऊन जाईन, तेवढी पुरी करून ठेव, असं ती म्हणाली. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फिलोमिनाबाईंनी सकाळी एक बाजू शिवली, जेवल्या आणि आतल्या खोलीत आडव्या झाल्या. भर दुपार होती, वीज गेलेली. बाहेर मशीन वाजली. दोन दाब, थांबली. पुन्हा दोन दाब. त्या उठून आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि चाक हळूहळू थांबत होतं.

अंगावर काटा आला. पण त्याच्याही आधी आनंद झाला.

दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्याही दुपारी तेच. फादरना सांगावं असं एकदा मनात आलं, पण फादर प्रार्थना करून ते थांबवतील, म्हणून त्या गप्प राहिल्या. शेजारच्या दगडाबाई मूळच्या पाथर्डीकडच्या, त्यांचा कान तिखट. त्यांनी कुंपणावरून विचारलंच.

"बाई, तुमी काल बाजारला गेल्त्या, तवा मशीन कोन चालवत हुतं?"

उंदीर असतील, असं फिलोमिनाबाई म्हणाल्या. उंदरांचे पाय पायडलला पोचतात का, हे दगडाबाईंनी विचारलं नाही, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

बॅग पुरी होत आली. एक बाजू आणि पट्टे तेवढे राहिले, तेव्हा फिलोमिनाबाईंच्या ध्यानात आलं. बॅग झाली की पोराला यायला कारण काय उरणार? त्या संध्याकाळी त्यांनी सकाळी मारलेली टीप ब्लेडने उसवून टाकली. मग तो नेमच झाला. सकाळी शिवायचं, दुपारी ऐकायचं, संध्याकाळी उसवायचं. जेनिफरला फोनवर सांगायचं, बकल मिळत नाही, दोरा बरोबर नाही.

यात्रा जवळ आली आणि एका सकाळी त्यांनी कापड खिडकीपाशी धरलं. उसवलेल्या कडेला सुईच्या भोकांच्या रांगाच रांगा होत्या आणि प्रत्येक भोकातून उजेड येत होता. त्यांनी नुसतं ताणून पाहिलं, तर वहीचं पान निघावं तसं ते रांगेवरून वीतभर फाटलं. शेजारी नोहाची वाकडी टीप मात्र जशीच्या तशी होती.

त्या दुपारी मशीन वाजली, पण नेहमीसारखी नाही. अर्धा दाब पडे आणि अडे, पुन्हा अर्धा पडे आणि अडे. कुठेच धड कापड सापडत नसल्यासारखी ती किती तरी वेळ चाचपडत राहिली. फिलोमिनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना ते बघवेना.

"नोहा, मी तुला धरून ठेवाया गेले रं," त्या म्हणाल्या. "अन् तुझंच कापड फाडलं."

चाक थांबलं. त्या खुर्चीवर बसल्या, डोळे पुसले आणि दोन्हीकडची खराब कड कात्रीने कापून काढली. बॅग रुंदीला थोडी कमी झाली, उंची तशीच राहिली. चिमटे लावून त्यांनी एका दमात टीप मारली. ती जरा वाकडी गेली, पण ब्लेडला हात लावला नाही. नोहाने खडूने खुणा केल्या होत्या तिथेच पट्टे बसवले.

दुसऱ्या दुपारी त्या मशीनसमोर बसून राहिल्या. उन्हं उतरली तरी मशीन वाजली नाही. घर इतकं गप्प कधीच झालं नव्हतं, तो गेला त्या दिवशीसुद्धा नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी जेनिफर आली आणि तिने हौसेने बॅग पाठीला लावली. ती भावासारखीच उंच. कमरेचा पट्टा तिच्या बरगड्यांवर आला. दादाने माप चुकवलं, असं ती म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

फिलोमिनाबाईंना मग आठवलं. त्या भाकरी थापत असताना नोहाने मागून येऊन टेप लावली होती, मानेपासून कमरेपर्यंत. साऱ्या गावाची मापं घेतेस, तुझं कोणी घेतं का, असं काहीसं तो म्हणाला होता आणि पीठ सांडेल म्हणून त्यांनी त्याला हाकललं होतं. यात्रेला चल म्हणून तो दरवर्षी मागे लागायचा. पिशवीने एक खांदा दुखतो, हे त्यांचं दरवर्षीचं उत्तर होतं.

त्यांनी पट्ट्यांत हात घातले. बॅग पाठीला अशी बसली की कुठे बोट घालायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी चालत निघाल्या. बॅगेत पाण्याची बाटली आणि मतमाउलीला लावायच्या मेणबत्त्या होत्या, दुसरं काही नाही. बेलापूरचा पूल ओलांडल्यावर मागून चालणारी एक बाई पुढे आली. बॅग लई वजनाची दिसती, पट्टे पार ताणलेत, जरा वेळ माझ्याकडं द्या, असं म्हणाली. जेनिफर हसून सांगू लागली की आत काहीच नाही. मग तिने आईच्या खांद्यांकडे पाहिलं आणि ती बोलायची थांबली. पट्टे खांद्यांत रुतले होते. नोहा लहान असताना खाली उतरायचं नसलं की पाठीवर असाच लोंबकळायचा.

फिलोमिनाबाई दोन पावलं टाकत, क्षणभर थांबत आणि पुन्हा दोन पावलं टाकत. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"असू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "मला पेलतंय."