अलोंगच्या शेजारची सीट

“पुढच्या रायाला आदल्या दिवशी आजारी पड,” मधली जाऊ रोहाया भांडी विसळता विसळता म्हणाली होती. “ताप सांग, जुलाब सांग, काहीही सांग. पण यांच्या गाड्यांच्या रांगेत बसू नकोस. सरळ बसनं ये.”

हुस्ना तेव्हा नवी नवरी होती. रायाला, म्हणजे ईदच्या सणाला, नव्या सुनेनं एकटीनं बसमधून यायचं, या कल्पनेनंच तिला हसू आलं. “बसनं आले तर लोक काय म्हणतील?”

“जिवंत आली म्हणतील,” रोहाया म्हणाली आणि तिनं पातेलं पालथं घातलं.

हुस्नानं ते हसण्यावारी नेलं. आता दोन वर्षांनी, मांडीला मांडी लावून बाळाच्या खुर्चीशेजारी बसलेली हुस्ना समोरच्या गाडीच्या काचेवरची चिकटपट्टी वाचत होती. ‘बाळ गाडीत आहे, सांभाळून’ हे तर दिसतच होतं, पण खाली बारीक अक्षरात छापलेला दुकानाचा फोन नंबरही तिला वाचता येत होता. गाडीचा वेग होता ताशी एकशेतीस.

समोरची गाडी मधल्या दिराची होती. त्याच्यापुढे थोरल्याची, म्हणजे अलोंगची, काळी, उंच, पुढे लोखंडी नळ्यांचा जबडा लावलेली. आणि शेवटी हुस्नाचा नवरा फख्रूल, जुनी छोटी गाडी घेऊन, तिसरा. हा क्रम जन्माचा होता. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम होता की रायाला गावी जाताना भावांनी वयाच्या क्रमानं जायचं, धाकट्यानं थोरल्याच्या पुढे काढायची नाही आणि दोन भावांच्या मध्ये परकी गाडी शिरू द्यायची नाही. सासरे गेले, नियम राहिला. शिवाय अलोंगनं त्यात वॉकी-टॉकीची भर घातली.

“तीन नंबर!” यंत्र खरखरलं. “झोपलास काय रे? तुझ्यापुढे लॉरी मावेल एवढी फट पडलीय.”

फख्रूलनं पाय दाबला. एरवी हा माणूस दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यासुद्धा एकमेकींना लागू नयेत म्हणून जपणारा. टोलनाका ओलांडला की त्याचा तीन नंबर व्हायचा.

“अबांग, मावू दे ना लॉरी,” हुस्ना मागून नवऱ्याला म्हणाली.

“अलोंग चिडेल गं.”

“चिडू दे. चिडला की तो काय कमी वेगानं चिडणार आहे?”

अलोंग पाणीखात्यात कारकून होता. आठवडाभर साहेबाच्या मागे फायली घेऊन चार पावलं अंतर राखून चालणारा हा माणूस रस्त्यावर मात्र कोणापासून चार हात अंतर ठेवायला तयार नसे. पुढे कोणी दिसला की त्याच्या डिकीत शिरल्यासारखी गाडी चिकटवायची, डिपर मारायचा, आणि तो बिचारा घाबरून डावीकडे झाला की विजयाचा हात वर करायचा. कोणावरचा विजय? कुठल्या तरी निवृत्त मास्तरावरचा, बायको-नातवंडं घेऊन नव्वदनं जाणाऱ्या. आणि एवढं करून या लोकांना पोचायचं कुठे असतं? घरी. उंबऱ्यावर बसून मच्छर मारायला. हुस्नाच्या मते डिपर मारणाऱ्यांपैकी एकालाही आयुष्यात कुठे वेळेवर पोचण्यासारखं काम नव्हतं. ते असतं तर ती माणसं घरातून वेळेवर निघाली असती.

आज निमित्त रोजा सोडण्याचं होतं. शेवटचा रोजा गावच्या घरातच सोडायचा, असं अलोंगनं ठरवलं होतं. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, रात्रीची झोप नाही, आणि डोक्यात हे ठरवलेलं. हुस्ना अंगावर पाजत असल्यानं तिला रोजा नव्हता. त्यामुळे तीन गाड्यांमधल्या मोठ्या माणसांत शुद्धीवर असलेली आपण एकटीच, असं तिला मघापासून वाटत होतं.

फख्रूलचं डोकं एकदा पुढे कलंडलं. तिनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. “अबांग!”

“जागा आहे, जागा आहे.”

तेवढ्यात पुढे काहीतरी झालं. अलोंगच्या वाटेत कोणी तरी म्हातारा हटत नव्हता, अलोंगनं ब्रेक दाबला, मधल्यानं दाबला, आणि ती चिकटपट्टी हुस्नाच्या अंगावर धावून आली. टायर किंचाळले. पुढच्या सीटवरची अननसाच्या बिस्किटांची बरणी काचेवर आपटून फुटली. गाडी थांबली नाही, पण थांबण्याइतकी हळू झाली, आणि दोन बंपरांच्या मध्ये हात घालायलाही जागा उरली नाही. मागून आलेला पांढऱ्या गाडीतला एकजण भोंगा बडवत डावीकडून निसटला आणि जाता जाता फख्रूललाच हातवारे करून गेला. बाळानं, सात महिन्यांच्या दाहलियानं, टाहो फोडला.

“वाचलो,” फख्रूल म्हणाला. आणि पुन्हा पाय दाबायला लागला.

हुस्नानं पुढे वाकून वॉकी-टॉकी उचलला. “तीन नंबर पुढच्या विश्रांतीथांब्यावर वळतोय.”

“कोण बोलतंय?” यंत्र खरखरलं.

“तीन नंबरची बायको.”

थांब्यावर अलोंग कमरेवर हात ठेवून उभाच होता. “बाईमाणसाच्या हातात यंत्र गेलं की हे असं होतं. आता रोजा काय रस्त्यावर सोडायचा?”

“सोडू या की. खजूर आहेत, पाणी आहे.”

“आणि रांग? आता मध्ये सतरा परके घुसतील.”

“घुसू द्या. घुसून जातील कुठे? उत्तरेलाच ना?”

“हुस्ना, मी एवढी वर्षं चालवतोय. गाडीला एक ओरखडा नाही.”

“ओरखडा कसा असेल? पुढचे सगळे जीव मुठीत धरून बाजूला होतात. गाडी ते सांभाळतात, आणि शाबासकी तुम्ही घेता.”

रोहाया नवऱ्याच्या आड तोंड फिरवून हसली. फख्रूल बुटांकडे बघत राहिला. अलोंगची बायको अजून मागच्या सीटवर, डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपलेली होती. ती कुआला लुंपूरला झोपायची आणि गावच्या अंगणात उठायची.

“माक कुठे आहेत?” हुस्नानं विचारलं.

सासू अलोंगच्या गाडीतून उतरल्याबरोबर नमाजाला गेली होती. बराच वेळ झाला होता. सगळ्यांचं आवरलं तरी ती आली नाही, तेव्हा हुस्ना बाळाला कडेवर घेऊन बायकांच्या नमाजखोलीत गेली.

खोली रिकामी होती. माक एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, नमाजाचा पांढरा झगा अजून अंगावरच. नमाज केव्हाच झालेला दिसत होता. तिचे हात मांडीवर होते आणि ते थांबत नव्हते. कोणी दुसरंच हलवत असल्यासारखे हलत होते.

“माक! बरं वाटत नाहीये का?”

“बरी आहे गं. बाळ घाबरलं का मघाशी?”

“तुम्ही घाबरलात.”

माकनं हात झग्याखाली घेतले. “तोंड कोरडं पडलंय. कलिमा म्हणून म्हणून.”

हुस्नाला कळलं नाही. “कधी?”

“तो पुढच्या गाडीला चिकटला की. काय नेम? मरताना ओठांवर कलिमा असावा. म्हणून प्रत्येक गाडीला एकदा म्हणते. ती बाजूला झाली की थांबते. मग पुढची येते.” ती जरा हसली. “आज सणाची गर्दी. उसंतच नाही.”

जो मुलगा लोकांना घाबरवून हात वर करत होता, त्याच्या हातभर अंतरावर त्याची आई दर मिनिटाला मरायची तयारी करत बसली होती, आणि त्याला वाटत होतं म्हातारी जप करतेय, किती धार्मिक!

“माक, आमच्या गाडीत या. मी चालवते. डावीकडून, हळूहळू जाऊ.”

“आणि त्याच्या शेजारी कोण बसेल?”

“कोणी नाही बसणार! बसू दे एकटा!”

“एकटा असला की तो एकशेसाठनं जातो,” माक म्हणाली. “मी बसते तेव्हा एकशेचाळीस. बोलत नाही मी काही, पण शेजारी बसलेली दिसते ना त्याला. मागे त्याची बायको आहे, लेकरं आहेत. त्याच्या बापाच्या शेजारीही मीच बसायचे.” तिनं झगा काढून घडी घातली. चारही कोपरे नीट जुळवले. “तू मात्र ये मागून. बाळाला घेऊन त्या रांगेत नको. त्याला मी सांगते.”

“तुम्ही त्याला हळू जायला का नाही सांगत?”

“ते सांगून बघितलंय. एवढं ऐकेल.”

बाहेर आल्यावर ती थेट काळ्या गाडीकडे गेली, स्वतः दार उघडून अलोंगच्या शेजारी बसली, पट्टा लावला. मग काच खाली करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “धाकटा मागून येईल, त्याच्या त्याच्या वेगानं. त्याला यंत्रावर हाका मारायच्या नाहीत. चल.”

अलोंगचा चेहरा पडला. पण आईनं चारचौघांत सांगितलेलं मोडण्याची त्याची छाती नव्हती. छाती दाखवायला त्याला रस्ता लागायचा. तो गाडीत बसला, आणि थांब्याच्या फाटकातून बाहेर पडायच्या आतच पुढच्याला भोंगा मारला.

हुस्नानं चाक हातात घेतलं. फख्रूल शेजारी, मांडीवर फुटक्या बरणीचे तुकडे गोळा केलेली पिशवी घेऊन, दोन मिनिटांत घोरायला लागला. डावीकडच्या लेनमध्ये ती केळ्यांच्या लॉरीच्या मागे, भरपूर अंतर ठेवून, ऐंशीनं निघाली. तिथेही एकजण मागे चिकटून डिपर मारायला लागलाच. उजवीकडे दोन लेन मोकळ्या असताना! हुस्नानं आरशात त्याच्याकडे पाहिलं. तरुण होता, तोंड उघडं, आपण का दिवे मारतोय ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिनं वेग बदलला नाही. शेवटी तो कंटाळून गेला.

बांग झाली तेव्हा त्यांनी रस्त्याच्या एका थांब्यावर रोजा सोडला. गावी पोचायला अंधार पडला. माक अंगणात दिव्याखाली केतुपातचा भात शिजवायला माडाच्या पानांच्या पुड्या विणत होती. तिनं मान वर करून बाळाकडे पाहिलं, मग हुस्नाकडे, आणि पुन्हा विणायला लागली. “आल्या का राणीसाहेब?” अलोंग ओसरीवरून म्हणाला. “आम्ही केव्हाचे आलोय.” तो मच्छर मारत बसला होता.

त्यानंतर हुस्ना रांगेत गेली नाही. रोहायानंही पुढच्या वर्षी आपल्या नवऱ्याला धाकट्याच्या मागे लावलं. आता अलोंगच्या मागे कोणी नसतं, पुढे मात्र सगळा देश असतो, आणि शेजारच्या सीटवर माक असते.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. रायाच्या आधी उत्तरेच्या रस्त्यानं जात असलात, आणि आरशात लोखंडी जबड्याची उंच काळी गाडी डिपर मारत आली, तर शिव्या नंतर द्या. आधी डावीकडे व्हा. तो उजवीकडून जाईल, म्हणजे तिची खिडकी तुमच्या बाजूला येईल. मोहरीच्या रंगाचा रुमाल बांधलेली एक म्हातारी ताठ बसलेली दिसेल. तिच्याकडे एकदा बघा. तिचे ओठ थांबलेत की अजून हलतायत, एवढं बघा, आणि जमलं तर हुस्नाला कळवा.