अकरा बारीक रेषा

मित्रांनो, मी एक करार आहे. पण मला कागद नाही की शाई नाही. मी यंत्राच्या भाषेत लिहिलेला आहे. माझ्या प्रती शेकडो संगणकांवर आहेत, त्यामुळे माझ्यात कुणालाच खाडाखोड करता येत नाही. याचा मला फार ताठा होता.

तळवलीजवळच्या एका मासळी बाजारातले ओटे मी सांभाळत असे. लेकीच्या बाळंतपणाला जाणारी बाई आपल्या ओट्यावर जावेला नाहीतर भाचीला बसवून जाते. तिला बदली म्हणतात. मालकिणीचा किंवा नोंदलेल्या बदलीचा अंगठा सलग पाच दिवस उमटला नाही, की ओटा पुढच्या अर्जदाराला द्यायचा, हा माझा नियम.

यशोदाबाईंचा तीस वर्षांचा ओटा मी असाच एका शुक्रवारी दुसरीला दिला. त्या परत आल्या तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, यंत्र चुकत नाही. त्या हलेनात. "कचेरीत बदलीचं नाव सांगून गेलेली मी. माजा ओटा मना पायजे," एवढंच म्हणत राहिल्या.

शेवटी बाजार समितीने बेलापूरहून तपासनीस बोलावली, सुनीती. तिने मला ओळ न् ओळ वाचलं. चूक नव्हती. मग तिने माझ्या तीन वर्षांच्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक ओटा खरोखर कोणत्या वाटेने गेला, त्याचा नकाशा आपल्या संगणकाकडून काढून घेतला.

मित्रांनो, मी थक्क झालो. एकेक नोंद माझ्या ओळखीची होती, पण त्या सगळ्यांचं मिळून एवढं मोठं जाळं झालंय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. कितीतरी बायकांचं जाणं-येणं, बाळंतपणं, आजारपणं त्यात वाहत होती. आणि एका जागी अकरा ओट्यांच्या अकरा बारीक रेषा तुटल्या होत्या. साऱ्या शुक्रवारी, आणि दुसऱ्याच दिवशी त्या ओट्याच्या बदलीची नोंद आलेली.

बदल्यांची नावं माझ्यात नोंदवणाऱ्या कारकून अरविंदला सुनीतीने विचारलं. तो म्हणाला, "म्याडम, शनिवारी गिऱ्हाईक नसतं ना, तेव्हा आठवड्याच्या सगळ्या बदल्या एकदम टाकतो."

रविवारी सांगून गेलेल्या बाईची बदली माझ्याकडे पोचायची शनिवारी. तोवर त्या बदलीचा अंगठा मी मोजत नसे, आणि पाच दिवस भरले म्हणून शुक्रवारीच ओटा देऊन टाकलेला असे. मला लाज वाटली.

समितीने अकराही ओटे परत केले. मला बदलता येत नाही, म्हणून बंद केलं. माझ्या जागी आलेला नवा करार ओटा देण्याआधी मालकिणीला विचारतो.

उरलेल्या दहा जणी मात्र तेव्हा भांडल्याच नव्हत्या. यंत्र चुकत नाही म्हटल्यावर आपलंच चुकलं असेल, असं समजून त्या गुपचूप घरी गेल्या होत्या. मित्रांनो, तुम्हाला कुणी असं सांगितलं, तर घरी जाऊ नका.